नर्सबाईंचा सप्ता

आमच्या गावात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालं, तर तिसरा पंचांग काढून बघायचा, आज ग्रहण-बिहण तर नाही ना. वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर वाटू द्या. ज्या गावानं पाण्याच्या टाकीची जागा ठरवता ठरवता टाकीचे पत्रे गंजवले आणि शेवटी त्यांची गुरांना गव्हाण केली, त्या गावाबद्दल मी सांगतो ते कमीच आहे. वाटूरकडून घनसावंगीकडं जाताना, काळ्या रानात आत घुसलेलं हे गाव. पावसाळ्यात तिथला रस्ता माणसाला धरून ठेवायचा. एका जावयाची चप्पल आषाढात रुतली ती पुढल्या उन्हाळ्यात नांगराच्या फाळाला लागली. शेतकऱ्यानं ती धुऊन परत केली, तर जावई म्हणे, ही माझी न्हाई, माझी इतकी मोठी नव्हती. काळी जमीन, खत चांगलं, चप्पलसुद्धा वाढते.

पण याच गावात वर्षातून एकदा, सात दिवस, मला आजही कळत नाही असं काहीतरी व्हायचं. हरिनामाचा सप्ता बसला की देवळातली वीणा एकाच्या गळ्यात जायची आणि सात दिवस ती जमिनीला टेकायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढं उभा. बांधावरून अंबडच्या कोर्टात भांडणारे दोन भाऊ होते. एकमेकांच्या सावलीवरून जायचे नाहीत. पण एकाचा पहारा संपून दुसऱ्याचा लागायचा, तेव्हा वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात अशी अलगद जायची की तार वाजायची नाही. पंगतींचं तसंच. आज कोणाची, उद्या कोणाची, कोणी विचारायचं नाही. बैलजोडीमागं ज्वारी यायची, ज्याला जोडी नाही तो सरपण आणायचा, ज्याच्याकडं तेही नाही तो पाणी भरायचा. कोणी बुडवलं असं मी ऐकलं नाही. ह्या सगळ्यात माझ्याकडं भोंगा होता. लाउडस्पीकरचा पूर्ण सेट माझ्या मालकीचा, म्हणजे देवाच्या खालोखाल मानाची जागा माझीच. अंबडच्या मोंढ्यात हमाल माझ्या भोंग्यातल्या टाळावर पोती उचलतात, असं मी सांगायचो. खरं-खोटं करायला अंबडला कोण जातंय.

आता वहिनीचं. थोरल्या भावाची बायको, घनसावंगीकडची. अंगानं अशी की ज्वारीच्या दोन पोत्यांमध्ये उभी राहिली तर पोती अंग चोरायची. बैल तिच्या हाकेला थांबायचे आणि माझा भाऊही. ह्या बाईची दोन बाळं गेली होती. दोन्ही जन्मली तेव्हा खणखणीत रडली. मग आठवड्याच्या आतच तोंड मिटलं. स्तन तोंडात धरेनात, जबडा घट्ट, अंग धनुष्यासारखं ताणलेलं. पहिल्याच्या वेळी म्हाताऱ्या म्हणाल्या सटवाई कोपली. दुसऱ्याच्या वेळी म्हणाल्या, हिच्याच पोटात काहीतरी आहे. वहिनी ते ऐकायची आणि भाकरी थापायची. भाकरी पहिल्यापेक्षा जोरात थापायची, एवढंच.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा जालना जिल्हा नवा नवा झालेला होता. ऑफिसं नवी, साहेब नवे, खुर्च्यांवरचे प्लास्टिकसुद्धा निघाले नव्हते. त्या नव्या वाऱ्यात आमच्याकडं एक नर्सबाई यायला लागली. परभणीकडची, वयानं वहिनीपेक्षा लहान, आणि एवढी बारीक की वारा सुटला तर खांद्यावरची औषधाची पेटीच तिला धरून ठेवायची. फाट्यावर बसमधून उतरून चालत यायची. तिनं वहिनीला ओट्यावर बसवलं, सगळं विचारलं, आणि सांगितलं, ही सटवाई नाही, धनुर्वात आहे. नाळ कापायला विळा घेता, वरून राख नाहीतर शेण लावता, तिथून जातो. आईला महिन्याच्या अंतरानं दोन सुया टोचायच्या आणि नाळेला नवीन पातं घ्यायचं, उकळलेलं.

वहिनी म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

मी दाराशी उभा होतो. गोदावरीला आलेला पूर मी पाहिलाय, म्हशी वाहून जाताना पाहिल्यात, पण वहिनीचा त्या वेळचा चेहरा पाहून मी जसा मागं सरलो तसा पुराला सरलो नव्हतो. एवढंच होतं आणि त्यात दोन गेली. ती उठली, आत गेली, पाणी प्याली, बाहेर आली आणि दंड पुढं केला. पहिली सुई तिनं त्याच दिवशी घेतली.

पण अडचण पुढंच होती. दिवस भरणार होते भादव्यात. भादव्यात आमच्या गावात येणं म्हणजे त्या जावयाच्या चपलेच्या वाटेनं जाणं. बाई गावात राहिली तरच बाळंतपणाला हाताशी. आरोग्य केंद्राचे डॉक्टर स्वतः आले आणि त्यांनी सरळ मांडलं. उपकेंद्र मंजूर आहे. पगार सरकारचा, औषध सरकारचं. इमारत येईल तेव्हा येईल. तोवर डोक्यावर छप्पर, बाईचं जेवण आणि सुया उकळायला जळण, हे गावानं बघायचं. जमत नसेल तर पलीकडचं गाव तयार आहे. पलीकडचं गाव म्हणजे ओढ्यापलीकडचं. पावसाळ्यात ओढ्यापलीकडं दवाखाना आणि चंद्रावर दवाखाना, आम्हाला सारखंच.

देवळात बैठक बसली. खोल्या सगळ्यांकडं होत्या, आणि बैठक सुरू होताच कोणाकडंच राहिल्या नाहीत. एकाच्या खोलीत कापूस होता. वेचणीला अजून महिने होते, तरी होता. एकाच्या खोलीत साप होता. तो पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहायचा म्हणे, त्याला कसं उठवायचं? एकटी बाई, कोणाच्या घरात ठेवायची, कोणाच्या चुलीवरचं खाणार, आणि मुळात कोणाची, हे कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं, पण सगळे तेच विचारत होते. ज्याच्या घरात सुना त्यांनी जेवण द्यावं, असं एक म्हणाला. त्यावर सुनांवाले म्हणाले, मग बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या पोरींनी काय फुकट बाळंत व्हावं? डॉक्टर घड्याळ बघायला लागले. आबा खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. आबा म्हणजे आमचे चुलत आजोबा, सप्त्याचे कर्ते. वीणा पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात जायची. ते झोपलेत की विचार करतायत हे त्यांच्या बायकोलाही कळायचं नाही.

बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. तिथून वहिनीचा आवाज आला. सासरे, चुलत सासरे, सगळे समोर; डोक्यावरचा पदर जागच्या जागी, आणि आवाज मात्र बैलांना देते तो.

"आबा, वीणा कोणाची हाय?"

आबांनी डोळे उघडले. "कोणाची म्हंजी? गावाची."

"तिला घर न्हाई, शेत न्हाई, नात्यागोत्याचं कोणी न्हाई. तरी तिला खाली ठेवत न्हाई तुमी. मंग बाईला बी तशीच सांभाळा की. पहारा लावून, पंगत लावून."

"सात दिसाचं निराळं असतंय, सूनबाई."

"मला वर्सभराचं नको. माझं होईस्तोवर करा. मंग काय करायचं ते करा."

भांडायला सगळ्यांच्या जिभा तयार होत्या, पण भांडायचं कशावर, हेच तिनं काढून घेतलं. वीणेला कोणी म्हणेल का, तुझं जेवण कोण देणार? आबांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला, परत बांधला.

"कोठी रिकामी करा," ते म्हणाले.

देवळाच्या अंगाला सप्त्याची कोठी होती. सप्त्याची मोठी भांडी, कढया, सतरंज्या तिथं असायच्या. आबांचं वाक्य संपलं आणि गाव उठलं. डॉक्टरांच्या हातात चहा दिला होता, तो निवायच्या आत कोठी रिकामी, असं मी सगळीकडं सांगतो. चहा फार गरम होता, हे सांगत नाही. ज्यांच्या खोलीत साप होता त्यांनी बाज आणून टाकली. कापूसवाल्यानं स्टोव्ह दिला. कोर्टातले दोघे भाऊ भिंतीला चुना लावत होते. एकानं डावीकडून सुरुवात केली, दुसऱ्यानं उजवीकडून, आणि मधे पोचले तेव्हा न बोलता पाठ फिरवून निघून गेले. ती मधली पट्टी जरा जाड झाली. डॉक्टर दारात उभं राहून नुसते बघत होते. टाकीचे पत्रे गंजवणारी हीच माणसं. ह्यांच्या हातांना हे येत होतं, सगळं येत होतं, फक्त ते सप्त्याच्या नावानं विचारावं लागत होतं.

सप्त्यात पंगतीचा पितळी तांब्या फिरायचा. आज ज्याची पंगत झाली तो संध्याकाळी तांब्या शेजारच्या घरी ठेवायचा. म्हणजे उद्याची त्याची. तोच बाईंसाठी फिरवायचा ठरला. ज्याच्या घरी तांब्या, त्यानं बाईंचं दोन वेळचं जेवण, सुया उकळायला घासलेट किंवा सरपण, आणि सोबतीला घरातली एक बाई द्यायची.

आता सप्ता म्हटल्यावर आमच्या लोकांनी सप्ताच केला. त्यात काय खोट ठेवणार? कीर्तनकाराला जे वाढतात ते बाईंना वाढायला लागले. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि तूप, तिसऱ्या दिवशी काल किती तूप वाढलं याची चौकशी करून त्याच्या दुप्पट. ती बारीक बाई ताटासमोर बसून ताटाकडं अशी बघायची, जणू ऑपरेशन करायला सांगितलंय. भाकरी आणि पिठलं द्या हो, ती म्हणायची. आमच्या बायका हसायच्या, बाई लाजून राह्यल्या, आणि अजून एक पोळी टाकायच्या. दुसरं म्हणजे पहारा. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणजे बाईला एकटं सोडायचं नाही, असा अर्थ लागला. सोबतीला एकीऐवजी दोघी यायला लागल्या; ती बसली की दोघी शेजारी, झोपली की दोघी उशाशी, सकाळी तांब्या घेऊन निघाली की दोघी मागून तांबे घेऊन. बाईला जरा डोळा लागला की एक दुसरीला विचारायची, झोपल्या का? आणि खात्री करायला बाईंनाच विचारायची.

माझाही हातभार होता. मी भोंग्यावरून दवंडी दिली की दिवस गेलेल्या सगळ्या माउल्यांनी सुई घ्यायला कोठीत यावं, आणि लोकांना कळायला सोपं जावं म्हणून कोणत्या गल्लीतल्या कोणत्या घरात कितवा महिना, तेही सांगितलं. त्यातल्या एका घरात ही बातमी सासूला भोंग्यावरूनच कळली. दोन दिवस कोठीकडं एक बाई फिरकली नाही. वहिनीनं माझी भोंग्याची वायर काढून चुलीपुढं टांगली आणि स्वतः घराघरात जाऊन एकेकीला घेऊन आली. मला म्हणाली, "भाऊजी, देवाला ऐकू येतं. बायकांना बी येतं. तुमी जरा हळू बोलत जा."

अशा रीतीनं तांब्या गल्लीनं पुढं पुढं सरकत होता. वहिनीच्या दुसऱ्या सुईचा दिवस आला. बाईंनी सकाळीच केंद्रावरून बर्फाच्या थर्मासात लस आणली, वहिनीला टोचली, कापूस दाबून धरायला सांगितलं. आणि मग शांतपणे आपले कपडे पेटीत भरायला लागली.

झालं होतं असं. आदल्या दिवशी तांब्या गल्लीच्या शेवटच्या घरात होता. त्यानंतर रस्ता ओलांडला की भीमनगर. आमच्या सप्त्याच्या पंगती तिथं कधी गेल्याच नव्हत्या. शेवटच्या घरवाल्यानं संध्याकाळी कोणाला न विचारता, नेहमीसारखा, तांब्या उचलून परत पहिल्या घरी, म्हणजे आबांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. त्याच्या मनात काही होतं असंही नाही. हाताला सवय होती. मनात काही नसताना हात काय काय करतात, ते त्या दिवशी कळलं.

बाईंनी आबांच्या घरून आलेलं ताट झाकून बाजूला ठेवलं होतं. गाव जमलं. ती पायरीवर बसली होती, पेटी मांडीवर. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी सुई घेऊन एकूण एक घरात जाते. तांब्यालाही एकूण एक घरात जावं लागेल. नाहीतर संध्याकाळची बस आहे मला."

आबांकडं सगळे बघायला लागले. आबा ओसरीवरच्या तांब्याकडं. वय झालेल्या माणसाचा चेहरा वाचणं सोपं नसतं. त्यावर आधीच इतकं लिहिलेलं असतं. ते होही म्हणेनात, नाहीही म्हणेनात. भादवा जवळ येत होता. वहिनीचं पोट तिच्या पुढं एक पाऊल चालायचं. तिनं एका हातानं दंडावरचा कापूस फेकला, दुसऱ्या हातानं आबांच्या ओसरीवरून तांब्या उचलला आणि रस्ता ओलांडला. मी मागं. पडली-बिडली तर धरायला म्हणून, असं मी म्हणालो. ती पडली असती तर मी तिच्याखाली सापडलो असतो.

भीमनगरातलं पहिलं घर हवालदारांचं. फौजेतून रिटायर झालेले, मिशी अशी की तिच्यावर दोन लिंबं राहतील. ओट्यावर पेपर वाचत होते. वहिनीनं तांब्या पुढं केला. त्यांनी तो बघितला, हात पुढं केला नाही.

"ताई, ह्यो तांब्या देवळातला."

"व्हय."

"आधी तुमी ह्याला आमच्या उंबऱ्याला येऊ देत नव्हते. आता आमी घेत न्हाई. देव सोडले, देवळातली भांडी बी सोडली."

मला वाटलं संपलं. इकडून तांब्या जात नव्हता, तिकडून कोणी घेत नव्हतं, आणि मधे वहिनी. ती रागावेल, रडेल, पाया पडेल, काय करेल सांगता येईना. ती म्हणाली, "बराबर हाय तुमचं," आणि ओट्यावर बसली. दमली होती. पाणी मागितलं. हवालदारांची बायको आतून पाणी घेऊन आली, फौजेतल्या पांढऱ्या पेल्यात, निळ्या काठाचा, टवके उडालेला. वहिनी घटाघटा प्याली. रस्त्यापलीकडं उभं असलेलं आमचं अर्धं गाव ते बघत होतं, आणि पाणी तिच्या घशाखाली उतरताना मला सगळ्या गावाचा आवंढा ऐकू आला.

प्याल्यावर तिनं पेला परत दिला नाही. हातात फिरवून बघितला.

"काका, ह्यो पेला कोणत्या देवळाचा?"

"कोणत्याच न्हाई. सरकारचा हाय."

"बाई बी सरकारचीच हाय. मंग ह्योच फिरवू. उद्या तुमच्यापासनं धरू."

हवालदार मिशीच्या आत हसले असावेत; बाहेर काही आलं नाही. ते रस्त्यापलीकडं बघत म्हणाले, आणि हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझी एकच अट. जाईल तिथं हातात घ्यायचा. वरून पाणी शिंपडायचं न्हाई."

वहिनीनं पितळी तांब्या परत आणून देवळात ठेवला. बाईंनी पेटी उघडली आणि कपडे खुंटीला लावले.

पेला भीमनगरात फिरला. तिथं बाईंना पहिल्यांदा भाकरी आणि पिठलं मिळालं, आणि असं ऐकलं की ती डोळे मिटून जेवली. हवालदारांनी पहाऱ्यालाही वळण लावलं. फौजेत संत्री दारावर उभा करतात, ज्याला सांभाळायचं त्याच्या डोक्यावर बसवत नाहीत, असं त्यांनी आमच्या बायकांना समजावलं. त्या दिवसापासून सोबतीची बाई ओसरीवर झोपायला लागली आणि नर्सबाईंच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. पण गावाचं लक्ष ह्या कशात नव्हतं. भीमनगर संपलं की पेला कोणाकडं येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिलं घर आबांचं.

ज्या संध्याकाळी तो येणार होता त्या संध्याकाळी आबांच्या घरासमोर एवढी माणसं काही ना काही कामानं उभी होती की गल्लीत बैल वळवायला जागा नव्हती. एक वासरू शोधत होता, वासरू त्याच्याच हातात होतं. भीमनगरातल्या शेवटच्या घरची म्हातारी पेला घेऊन आली. पदरानं पुसत पुसत, हळू. आबा ओसरीवर उभे राहिले. त्यांच्या शेजारी पाण्याचा गडू असायचा, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांचा उजवा हात आपणहून गडूकडं गेला. सत्तर वर्षांचा हात होता तो, त्याला तेवढंच शिकवलं होतं. बोटं गडूच्या काठाला टेकली.

मी ह्या आयुष्यात बरंच काही पाहिलेलं सांगतो. त्यातलं बरंच मी पाहिलेलं नाही. पण तो हात मी पाहिला. तो गडूवर थांबला, आणि तिथून निघायला त्याला केवढा प्रवास करावा लागला, तो वीतभर अंतराचा. मग आबांनी दोन्ही हात पुढं केले आणि पेला घेतला, जसा ते वीणा घ्यायचे तसा, तार वाजू नये म्हणून जपून घेतात तसा. पेल्याला तार कुठली? पण तसाच.

म्हातारीला ते म्हणाले, "बाईला जेवायला काय आवडतंय म्हनं? आमच्याकडं कोणी विचारलंच न्हाई."

"पिठलं," म्हातारी म्हणाली. "जरा तिखट."

त्या पेल्यावर उपकेंद्र पुढं बरीच वर्षं चाललं. सरकारी इमारत नव्वदीत केव्हातरी झाली, तोवर तीन नर्सबाया त्या कोठीत राहून गेल्या. वहिनीचं होईस्तोवर करा म्हणून सुरू झालं होतं. पण तेव्हा तिचं होतंय की नाही, हेच कोणाला माहीत नव्हतं.

भादव्यात पाऊस लागला तो असा की ओढ्यानं रस्ता सोडाच, रस्त्याची आठवणसुद्धा ठेवली नाही. ना बस, ना जीप. भर दुपारी वहिनीच्या कळा सुरू झाल्या. कोठीत बाई होती, स्टोव्हवर पाणी उकळत होतं, त्या दिवशी पेला ज्याच्याकडं होता त्यानं घासलेटचा पूर्ण डबा आणून ठेवला होता. माझा भाऊ पावसात उभा होता; ओसरीवर ये म्हटलं तर त्याला ऐकू गेलं नाही. कागदात गुंडाळलेलं कोरं पातं बाईंनी वहिनीला दाखवलं, मग कागद फाडला, उकळत्या पाण्यात टाकलं. हे वहिनीनंच सांगितलं नंतर. कळांमध्येही ती तेच बघत होती. मुलगी झाली. रडली खणखणीत. पण दोन्ही वेळा तसंच रडणं ऐकलेलं होतं आम्ही, त्यामुळे कोणी पेढे मागितले नाहीत.

बाळ-बाळंतीण कोठीतच ठेवली, आणि मग वाट बघणं सुरू झालं. बाई रोज सकाळी हात धुऊन बाळाच्या तोंडात करंगळी घालायची, चोखतं का बघायची, होकाराची मान हलवायची आणि कामाला जायची. कोणी विचारायचं नाही. ज्या दिवशी पहिल्याचं तोंड मिटलं होतं तो दिवस आला. माणसं सकाळपासून कोठीसमोर यायला लागली. पाऊस उघडला होता, चिखलात उभं राहायला जागा शोधत उभी राहिली. तो दिवस गेला. दुसऱ्याच्या वेळचा दिवस आला, आणि त्या दिवशी रानात कोणी गेलंच नाही. आबा कोठीच्या ओसरीच्या एका टोकाला बसले होते, हवालदार दुसऱ्या टोकाला, मधे कोर्टातले दोघे भाऊ, एकमेकांकडं पाठ करून, पण एकाच सतरंजीवर.

ऊन पडलं तशी वहिनी दारात आली. बाळ पदराखाली. कोणाकडं न बघता कोवळ्या उन्हात भिंतीला टेकून बसली आणि बाळाला जवळ घेतलं. पदर हालला, थांबला. मग आवाज आला. चुक, चुक. मधे बाळ दम घ्यायचं, तेव्हा आवाज थांबायचा. मग परत, चुक, चुक, घाईघाईनं, कोणी काढून नेईल अशा हावरेपणानं. पाण्यावरून आणि चिखलावरून तो आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. आबांनी तोंड फिरवून घेतलं. नर्सबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

बऱ्याच वेळानं वहिनीनं मान वर केली आणि सगळ्या गावावरून नजर फिरवली.

"कामंधामं न्हाईत का कोणाला?" ती म्हणाली. "जावा की आता. पिऊन राह्यली ती."

कोणी जागचं हाललं नाही.